दादाच्या हाताचा कामठा

दादा,

परवा तुझं तेरावं झालं आणि काल शाळेने शोकसभा ठेवली. मी दुसऱ्या रांगेत बसून सगळं ऐकलं. हेडमास्तर म्हणाले, मास्तर म्हणजे शिस्तीचा पुतळा. गणिताचे सर म्हणाले, त्यांच्या शिट्टीवर अख्खं पनवेल सरळ चालायचं. मी मनात म्हणत होते, हे नक्की कोणाबद्दल चाललंय? रोज आंघोळीला जाताना पंचा बाहेर विसरून आतून हाका मारणारा माणूस तो हाच का? तू शेजारी असतास तर मला कोपराने ढोसून म्हणाला असतास, "कमळे, हसू नकोस, लोक बघतायत." आणि माझ्याआधी तूच हसला असतास.

तुझा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, बक्षिसं किती, हे सगळं तिथे सांगून झालं. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला तुझ्याशी कामठ्याबद्दल बोलायचंय. तू म्हणशील, झालं हिचं सुरू. हो, झालं सुरू. चौदा वर्षं आपण हा वाद घातला आणि तो मिटायच्या आत तू उठून गेलास. अर्ध्या वादातून उठून जायची तुझी खोड जुनीच. पण या खेपेला मला वाद जिंकायचा नाही. एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवून ठेवली होती, ती सांगायचीय.

आबांचा कामठा आपल्या ओटीवर खुंटीला टांगलेला असायचा. बाहेरची माणसं त्याला धनुष्य म्हणत. आबा म्हणायचे, धनुष्य रामाचं, आपला तो कामठा. ते जंगलात रखवालदार होते तेव्हा कर्नाळ्याखालच्या कातकरवाडीतल्या धर्माबाबाच्या बापाने तो त्यांना करून दिला होता. बांबूचा, चुलीच्या धुरावर धरून काळाभोर झालेला, उभा केला की माझ्या डोक्याच्या वीतभर वर जाणारा. आबा होतेच तेवढे. आपल्याच घरात शिरताना त्यांना वाकावं लागायचं. तू आईवर गेलास, आणि मी तर आईच्याही खांद्याला लागते.

आळीतली माणसं दसऱ्याला तळ्यापलीकडच्या माळावर शिलंगणाला जायची. माळावर केळीचा खुंट रोवायचा, चाळीस पावलांवरून आबांनी बाण सोडायचा, आणि तो खुंटात रुतला की मगच आपट्याची पानं लुटायची. तोवर पानाला कोणी हात लावायचा नाही. हा नियम कोणी घातला ते आबांनाही ठाऊक नव्हतं. पण तो मोडला तर वर्ष वाईट जातं, असं छातीठोक सांगणाऱ्या आपल्या आळीत एक सोडून दहा म्हाताऱ्या होत्या. आबांचे हात कापायला लागले आणि कामठा तुझ्या हातात आला. तेव्हा तू नुकताच कवायतीचा मास्तर झाला होतास, लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि नाकावर माशी बसू देत नव्हतास.

पहिल्या दोन दसऱ्यांना कसंबसं निभावलं. तिसऱ्या-चौथ्या बाणाला खुंट सापडायचा. लोक टाळ्या वाजवायचे, आणि परत येताना कोणीतरी हळूच म्हणायचं, "आबांचा हातच वेगळा होता." ते तुझ्या कानावर पडायचं, मला कळायचं. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या जोर-बैठका दुप्पट व्हायच्या. कामठ्याची दोरी तुझ्या छातीपर्यंत पुरी यायचीच नाही. चार बोटं अलीकडे हात थरथरायला लागायचा आणि बाण सुटायचा. तू म्हणायचास, अजून दंड भरला की येईल.

इंग्रज जाऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा. आमच्या मुलींच्या शाळेत कवायतीचा तास माझ्या गळ्यात पडला. लेझीम, डंबेल्स झाले, आणि मला वाटलं, मुलींना बाण मारायला शिकवावं. घरी कामठा होताच. मी तो उतरवला, दोरी चढवायला गेले आणि कामठ्याने उलटून माझ्या हनुवटीवर असा रट्टा दिला की आठ दिवस मला हसता येईना. तू मात्र माझ्या वाटचंही हसून घेतलंस. मग रविवारी स्वतःच म्हणालास, "चल, धर्माबाबाकडून तुला एक खेळणं करून आणू."

त्या दिवसाची मला सगळी वाट आठवते. कर्नाळ्याच्या पायथ्याशी मोटारीतून उतरून आपण पायी गेलो, तू पुढे आणि मी मागे, आणि दर शंभर पावलांवर तू "एक-दोन, एक-दोन" करत होतास. धर्माबाबा झोपडीपुढे बांबू तासत बसला होता. मी म्हटलं, मला कामठा हवाय, माप घ्या. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "माप घेऊ गं बाय. आदी एवढं सरपन फोड."

मला रागच आला. पाहुणीला कोणी लाकडं फोडायला लावतं का? पण फोडली. मग त्याने पाणी दिलं, बसवलं, माझी आई कशी आहे विचारलं, करंजा बंदरात कोणाकडे सुकी मासळी चांगली मिळते ते सांगितलं. माझा दम पार निवला, आपण कशाला आलोय हेच मी विसरले, आणि मग तो उठला. एक बारीक काठी माझ्या गळ्याच्या खळग्याला लावली. "हात पुढं जोड, देवाला जोडतंस तसं. काठी हातांच्या मदी. आता श्वास सोड. समदा सोड." माझी बोटं जिथे संपली तिथे कोयत्याने खूण केली. "ह्यो तुझा बान. ह्याच्यापरमानं तुझा कामठा."

मी विचारलं, "एवढाच?"

"एवढाच. कामठा पुरा वाकला पायजे, बाय. आबांचा कामठा तुझ्या हाती अर्दा बी वाकनार नाय, मंग बान बी अर्द्यावरच पडनार. आनि तुझा कामठा आबांनी वडला असता तर मोडला असता. दोगांची बी चूक नाय."

मग तो तुझ्याकडे वळला. "मास्तर, तुमचं बी घेतो. फुकाट."

तू आधी नको म्हणालास. मग म्हणालास, घ्या, बघू तर. आणि दादा, तू सावधानमध्ये उभा राहिलास. टाचा जुळलेल्या, पोट आत, छाती पुढे, मान ताठ. शाळेत चारशे पोरांपुढे उभा राहतोस तसा त्या कातकरवाडीत कोंबड्यांपुढे उभा राहिलास. धर्माबाबाने काठी लावली, तुझे हात पुढे ताणलेले, आणि खूण आली ती जवळजवळ आबांच्या मापाची. तुझ्या चेहऱ्यावर काय तेज आलं.

धर्माबाबाने काठी खाली ठेवली. "ह्ये माप तुमचं नाय, मास्तर. ह्ये छातीचं हाय. श्वास सोडा."

"श्वास सोडून कोणी लढतं का?"

"लडायचं नाय, मास्तर. माप द्यायचं हाय."

पण तू सोडला नाहीस. त्याने तीनदा काठी लावली आणि तीनदा तू तसाच फुगून उभा राहिलास. शेवटी तो हसला आणि काठी चुलीत सारली. कवायतीच्या मास्तराला आरामात उभं राहता येत नाही, ही गोष्ट त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली. परत येताना आपण पनवेलपर्यंत भांडलो. तू म्हणायचास, हात कामठ्याजोगा करायचा असतो, कामठा हाताजोगा करून घेतो तो आळशी. मी म्हणायचे, मग पायाला बूट का मोजून घेतोस? तू म्हणालास, बुटाचं वेगळं. ते वेगळं कसं, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस.

मग तो दसरा आला. त्याच्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. माळावर माणसं जमली होती. आबा खुर्चीवर बसले होते, हात मांडीखाली दाबून, कापताना दिसू नयेत म्हणून. तुझा पहिला बाण अलीकडेच पडला. दुसरा, तिसराही. चौथ्याला दोरी तुझ्या हातावर अशी सपकन बसली की कोपरापर्यंत वळ उठला. पाचवा खुंटाला घासून गेला. लहान मुलं कंटाळून आपट्याच्या ढिगाकडे सरकू लागली, म्हाताऱ्या त्यांना दटावू लागल्या. कोणीतरी म्हणालं, "आबा, तुम्हीच सोडा आता." आबांनी मान खाली घातली. सातव्या बाणानंतर तू कामठा खाली टेकवलास आणि कोणाकडेच पाहिलं नाहीस.

माझा छोटा कामठा माझ्याजवळ होता, शाळेच्या मुलींना दाखवायला आणलेला. मी पुढे झाले. खरं सांगते, तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं, फक्त तुला तिथून सोडवायचं होतं. मी श्वास सोडला, दोरी ओढली, आणि बाण खुंटात बसला. लोकांनी जो गलका केला तो तुला आठवतच असेल. तेवढ्यावर मी गप्प राहायला हवं होतं. पण मी कुठली गप्प राहायला. सगळ्यांच्या देखत, आबांच्या देखत म्हणाले, "दादा, तो कामठा तुझ्या हाताचा नाहीच मुळी."

मला कामठ्याला नावं ठेवायची होती. तू ऐकलंस ते असं की तू आबांच्या तोलाचा नाहीस. तुझा चेहरा पाहिला आणि माझी जीभ कोणीतरी ओढून घ्यावी असं मला झालं. त्यात आबा म्हणाले, "पुढल्या वर्षीपासून कमळ सोडेल बाण." ते दमले होते बिचारे, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण आबांच्या तोंडून गेलं म्हणजे ते ठरलंच.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. एका घरात, एका पंगतीला बसून. "तिला सांग, आमटीत मीठ जास्त झालंय," असं तू वहिनीला सांगायचास आणि वहिनी बिचारी माझ्याकडे बघून म्हणायची, "वन्सं, मीठ." मी म्हणायचे, "त्यांना सांगा, आमटी तुम्ही केलीय." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे आपण दोघे. वहिनीचे मात्र त्या तीन महिन्यांत हाल झाले.

याच अबोल्यात मी एकदा एकटीच धर्माबाबाकडे गेले. म्हटलं, दादासाठी कामठा हवाय, त्याच्या खऱ्या मापाचा. तो म्हणाला, मास्तरांना आण. मी म्हटलं, येणार नाही, आणि आला तर छाती फुगवेल. धर्माबाबाने बराच वेळ बांबू तासला आणि मग म्हणाला, "मंग काम करताना घे माप. काम करताना मानूस फुगून ऱ्हात नाय."

तुला ती बाज आठवते, मागच्या पडवीतली? मी वहिनीकरवी तुला निरोप धाडला की बाज ढिली झालीय, पायथ्याची दोरी ओढून द्या. तू आलास, न बोलता बसलास, डावा हात ताठ करून बाजेच्या दांडीवर टेकवलास आणि उजव्या हाताने दोरी छातीपाशी ओढायला लागलास. कामठा ओढतात तसंच की ते. फरक एवढाच की छाती फुगवून दोरी काही घट्ट होत नाही, त्यामुळे तू आपोआप श्वास सोडत होतास. मी समोर बसून बाज धरल्याचं सोंग केलं आणि बोटाला लावलेल्या काजळाने दोरीवर दोन खुणा केल्या, एक तुझ्या डाव्या मुठीपाशी, एक उजव्या. तुझं लक्ष गेलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तू माझ्याशी थेट बोललास. म्हणालास, "काय करतेस?"

मी म्हटलं, "ढेकूण मारतेय."

तू "हं" म्हणालास. त्या "हं"वर आपला अबोला सुटला. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती, आणि तू स्वतः तिळगूळ घेऊन माझ्यापुढे आलास. मी रडले आणि तू म्हणालास, कांदा चिरत होतीस का. दादा, माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा दिवस होता, हे तुला मी कधी सांगितलं नाही.

खुणा आबांच्या मापापेक्षा चार बोटं कमी भरल्या. धर्माबाबाने अवसेला बांबू तोडला, सहा महिने धुरावर ठेवला, आणि पुढच्या दसऱ्याआधी कामठा आणून माझ्या हातात दिला. इतका सुबक की बघत राहावं. मी तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. म्हटलं, दसऱ्याच्या सकाळी दादाला देऊ.

दिला नाही.

आता जे लिहितेय ते लिहिताना मी चारदा पेन खाली ठेवलं. दसऱ्याच्या सकाळी मी स्वतःला सांगितलं की दादा पुन्हा रागावेल, नुकता कुठे बोलायला लागलाय. मग म्हटलं, आबा आहेत तोवर नको, त्यांना वाटेल त्यांचा कामठा टाकला. आबा गेल्यावर म्हटलं, या वर्षी सुतक आहे, पुढच्या वर्षी. कारणं काय, पायलीची पन्नास. खरं कारण एकच होतं. मला ते आवडायला लागलं होतं. वर्षातून एकदा अख्खी आळी श्वास रोखून माझ्याकडे बघायची. लग्न न झालेली, शाळेतून घरी आणि घरातून शाळेत जाणारी मी, त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे उभी असायची. तुझा कामठा तुला दिला असता तर तू दोन बाणांत खुंट गाठला असतास आणि मी पुन्हा बायकांच्या घोळक्यात गेले असते. मला जायचं नव्हतं. म्हणून तुझी जागा मी तुला परत दिली नाही, बारा-तेरा वर्षं.

आणि तू काय केलंस? तू दर दसऱ्याला सकाळी उठून केळ तोडून आणायचास, माळावर जाऊन खुंट रोवायचास, हलवून बघायचास, चाळीस पावलं स्वतः मोजायचास. माझे बाण हातात घेऊन मागे उभा राहायचास. एका वर्षी आळीतले एक आजोबा कुरकुरले की बिनलग्नाच्या मुलीने चारचौघांत हे काय करायचं. मी कामठा खाली घेतला होता. तू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलास आणि शाळेत बोलतोस त्या आवाजात म्हणालास, "आजोबा, बाण रुतल्याशी मतलब आहे ना? मग रुतू द्या आणि पानं लुटा." नंतर कोणी काही म्हणालं नाही. त्या संध्याकाळी मी ठरवलं होतं, आज देतेच. जेवताना तू म्हणालास, "काय मारलास गं आज," आणि माझा धीर सुटला.

तू आजारी पडलास तेव्हाही सांगता आलं असतं. मी तुझ्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचे. एकदा तू पेपर बाजूला सारून म्हणालास, "कमळे, बुटाचं वेगळं असतं." मी म्हटलं, कसं ते सांग. तू म्हणालास, उद्या सांगतो. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की दादा, माळ्यावर तुझ्या मापाचं काहीतरी आहे. मी म्हटलं, औषध घे.

आज दुपारी धर्माबाबा आला. आता थकलाय तो, काठी टेकत आला, मधाची बाटली घेऊन. वर ये म्हटलं तरी ओट्यावरच बसला. मग मीच माळ्यावर चढले आणि ते लुगड्यातलं गाठोडं खाली आणलं. म्हटलं, "बाबा, हा घेऊन जा. ज्याच्यासाठी केला त्याला मी दिला नाही. कोणाच्या तरी हाताला बसेल, त्याच्या कामाला येऊ दे."

त्याने लुगडं सोडलं. कामठा डोळ्यासमोर आडवा धरला, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. मग अंगठ्याने मधली मूठ चोळून पाहिली.

"कुनी वापरला ह्यो?"

"कोणीच नाही. गुंडाळून ठेवला तसाच आहे."

"नाय, बाय. न वापरलेला कामठा दोरी काडली की सरल होतो. ह्यो बग कसा वाकून ऱ्हायलाय. लई दिस वडलाय कुनी. आनि ही दोरी माजी नाय. मी बांबूच्या सालीची दिल्ती, ही सुतलीची हाय, मेन लावल्याली."

मी त्याच्या हातातून घेऊन पाहिलं. मूठ गुळगुळीत झाली होती, तेलकट, काळी. सुतळी तुमच्या शाळेतली होती, झेंड्याच्या दोरीला लावता तसं तिला मेण चोळलेलं.

दारातून वहिनी म्हणाली, "वन्सं, बसा खाली."

ती तेरा दिवस जेमतेम दोन शब्द बोलली होती. आता उंबऱ्यावर बसून तिने सगळं सांगितलं. मी कामठा लपवला त्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तू पितळी घंगाळ काढायला माळ्यावर चढला होतास. तिथे तुला तो सापडला. तू दोरी चढवून तिथेच ओढून पाहिलास, आणि नुसता बसून राहिलास. ती खालून हाका मारतेय, घंगाळ द्या, पाणी तापलंय, आणि तुझा आवाज नाही. मग खाली येऊन तिला म्हणालास, "कमळ ढेकूण मारत नव्हती."

तेव्हापासून मी रविवारी सकाळी मुलींची शिकवणी घ्यायला गेले की तू कामठा काढायचास आणि दोघं मिठागराच्या बांधावर जायचात. मी यायच्या आत पुन्हा लुगड्यात, पुन्हा माळ्यावर. बाण गोळा करायचं काम वहिनीकडे होतं.

मी विचारलं, "लागायचे का?"

"सगळे नाही. पण बरेच लागायचे," वहिनी म्हणाली. "लागला की माझ्याकडे बघायचे, मी पाहिलं का म्हणून."

"मग मागितला का नाही माझ्याकडे?"

"मी शंभरदा म्हटलं, मागा. तर म्हणायचे, मी मागितला तर ती त्याच क्षणी देईल, आणि दसऱ्याला मागे जाऊन उभी राहील. तिला पुढेच राहू दे. मला रविवार पुरे."

दादा, मला तुझा फार राग आला. इतकी वर्षं मी मनात कुढत राहिले, दर दसऱ्याला तुझ्याकडे बघायची मला लाज वाटायची, आणि तुला सगळं ठाऊक होतं. एकदा सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? मग लक्षात आलं की हाच प्रश्न तुलाही मला विचारता आला असता आणि तू विचारला नाहीस. तू मला लोकांपुढे उभं राहायला दिलंस, केळ तोडून आणलीस, पावलं मोजलीस, आणि वर घरी येऊन माझं कौतुक केलंस. आणि मी समजत होते की तुला मागे मी ठेवलंय. एवढी मोठी गोष्ट तू इतकी गुपचूप केलीस की तिच्याबद्दल तुला धन्यवाद द्यायलाही तुझं तेरावं व्हावं लागलं.

धर्माबाबा कामठा मांडीवर घेऊन बसला होता. त्याने पुन्हा एकदा तो डोळ्यासमोर धरला. "माप बराबर व्हतं," तो म्हणाला. "मास्तर ह्याच्यावर फुगले नाय." मग लुगडं गोळा करत म्हणाला, "मंग, बाय? नेऊ का ह्यो?"

मी म्हटलं, "नको. हा दादाचा आहे. मी त्याच्यासाठीच करून घेतला होता."

बारा-तेरा वर्षं जे वाक्य माझ्या घशाशी येऊन परत गेलं, ते दुपारी तीन वाजता, ओट्यावर, एका दमात बाहेर पडलं. वहिनी तोंडाला पदर लावून रडायला लागली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. धर्माबाबाने कामठा माझ्या हातात ठेवला. मी तो तुझ्या खोलीत घेऊन गेले, तुझ्या रिकाम्या बाजेवर ठेवला, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. या खेपेला नीट, तुझ्याकडे तोंड करून, जरा मोठ्याने.